शेंदराच्या खोळीतला चेहरा

‘बाईमानसाला आत जाता यायचं नाय,’ सरपंच म्हणाले.

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी चपला काढून उभी होते. हातात भिंग, खांद्याला सरकारी पिशवी. पहाटेची गाडी धरून कर्जतला उतरले होते. तिथून मामलेदार कचेरीच्या जीपने दहिवली, चौक करत खालापूर, आणि मग पाताळगंगेच्या काठाकाठाने या गावात. एवढा सगळा खटाटोप उंबऱ्यापर्यंतच येण्यासाठी होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

‘आत जायचं नाही तर तपासू काय?’ मी विचारलं.

‘आमाला वाटलं साहेब येनार. कागदावर नुस्तं गुप्ते लिवलंय.’ सरपंच खरोखरच ओशाळले होते. माणूस वाईट नव्हता. ‘मारुती हाय, बाई. मारुतीला बाईचा हात चालत नाय. त्याच्यावरनंच तर हे सगळं रामायण झालंय.’

हे सगळं सत्तरच्या दशकातलं. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. मी सरकारच्या पुराणवस्तूंच्या खात्यात केमिस्ट होते. देवांचं मला फारसं कळत नसे. देवांवर चढलेल्या थरांचं कळे. तेल, काजळी, मेण, चुना, रंग. कुठला थर आधीचा, कुठला नंतरचा, कुठला पाण्याने फुगला, हे सांगणं माझं काम. मूर्ती कुणाची ते सांगणारे तज्ज्ञ वेगळे असत. पण त्यांच्याबरोबर हिंडून हिंडून तेही थोडंफार अंगवळणी पडलं होतं.

मामलेदारांनी सकाळी कचेरीत मला खुर्चीवर बसूही दिलं नाही. ‘बाई, मला एका शब्दात उत्तर पाहिजे. फोडलं, की पडलं?’

काय ते सांगते. देवाला शेंदूर लावतात तो म्हणजे शिशापासून केलेली लाल भुकटी. ती तेलात कालवायची आणि मूर्तीला चोपडायची. दर शनिवारी एक हात, असं पिढ्यान् पिढ्या चाललं की मूर्तीवर जाड साल चढते. तिला खोळ म्हणतात. नाक, डोळे, बोटं सगळं तिच्यात बुडून जातं, आणि मग वरून चांदीचे डोळे चिकटवतात. अशी खोळ कधीतरी आपोआप सुटते. लोक म्हणतात, देवाने खोळ टाकली. एरवी ही आनंदाची गोष्ट. खोळ वाजतगाजत पाण्यात सोडायची, उघड्या झालेल्या मूर्तीला अभिषेक करायचा, गावजेवण घालायचं.

इथे मात्र खोळ पडली तेव्हा गाभाऱ्यात रखमा होती.

रखमा ही गावच्या गुरवाची मुलगी. तिशीची, विधवा, सासरहून कायमची परत आलेली. गुरव म्हणजे देवळाचा पिढीजात पुजारी. त्याला त्या थंडीत अर्धांगाचा झटका आला. मुलगा नाही. देवाची पूजा चुकू नये म्हणून पोरगी पहाटे अंधारात जाऊन पाणी घाली, दिवा लावी आणि कोणी उठायच्या आत घरी येई. एके सकाळी शेजाऱ्यांनी धाडकन आवाज ऐकला. धावत येऊन बघतात तर खोळ खाली, आणि रखमा हात जोडून उभी.

गुरवाचा पुतण्या बाळू. त्याला पूजेचा मान कधीपासून हवा होता. त्याने गावभर केलं की बाईचा हात लागला म्हणून देवाने अंग टाकलं. मग दुसऱ्या दिवशी म्हणाला, अंग कसलं टाकतो, हिनेच काठीने पाडलं, चांदीच्या डोळ्यांसाठी. डोळे जागच्या जागी खोळीवर होते, पण तेवढा विचार कोण करतो? पंचांनी ठरवलं, सरकारी माणूस येऊन सांगेल तसं; तोवर खोळ मंडपात ठेवायची आणि गाभाऱ्यात कोणी पाऊल टाकायचं नाही. फोडलं असेल तर गुरवाने देवळामागचं घर सोडायचं, आणि रखमाने गाव.

ती तेव्हा पायरीवर बसली होती. पदर तोंडाला लावलेला, नजर खाली. बापाला बाजेवर घालून मंडपात आणून ठेवलं होतं. त्याचा अर्धा चेहरा हलत नव्हता. आजूबाजूला पन्नासेक माणसं असतील. सगळे मंडपाच्या कडेकडेला भिंतीला टेकून उभे होते आणि मधली फरशी रिकामी होती. देवळात एवढी माणसं अशी कडेला उभी मी कधी पाहिली नव्हती.

‘खोळ कुठाय?’ मी विचारलं.

सरपंचांनी हाताने दाखवलं. मधोमध पाटावर लाल फडकं अंथरून ती उताणी ठेवली होती. बाहेरची बाजू खाली, पोकळ बाजू वर. दीड हात लांब. खोबरं काढून घेतलेल्या करवंटीसारखी. ‘हिला तरी हात लावू ना?’ मी म्हटलं.

‘ती देवानं टाकलेली. तिला चालंल.’

मी पाटाशी गेले, वाकले, आणि तशीच थांबले.

खोळीच्या आतून एक चेहरा माझ्याकडे बघत होता.

मी डावीकडे सरकले. चेहरा माझ्याबरोबर डावीकडे वळला. उजवीकडे गेले, तर उजवीकडे. खाली बसले तर त्यानेही मान खाली घातली. मोठे लांबट डोळे, सरळ नाक, अलगद मिटलेले ओठ. दुपारची वेळ होती, कौलांमधून उन्हाचे कवडसे आत पडले होते, आणि माझ्या मानेवर सरसरून काटा आला.

आता यामागचं शास्त्र मला ठाऊक होतं. साच्यात चेहरा खोलगट असतो. पण आपण जन्मभर उठावाचेच चेहरे पाहिलेले असतात, त्यामुळे डोळा खोलगट चेहरा मान्यच करत नाही. तो त्याला उठावाचा करून टाकतो. मग आपण हललो की चेहरा आपल्याकडे वळल्यासारखा वाटतो. प्लास्टरच्या साच्यांत मी हे अनेकदा पाहिलं होतं. पण ते साचे मी स्वतः केलेले असत, आणि त्यांना कोणी शतकभर दिवा दाखवलेला नसे.

‘बघती ना?’ मागून कोणीतरी हळूच म्हणालं. ‘सगळ्यांकडं बघती. कुटं बी उबं ऱ्हा.’

भिंतीला का चिकटले होते सगळे, ते मला तेव्हा कळलं. ‘बघती’ हा शब्दही माझ्या कानाने टिपला. मारुतीबद्दल बोलताना गाव न कळत ‘ती’ म्हणायला लागलं होतं.

कामाला लागले की माझी भीती जाते. मी भिंग काढलं आणि चेहरा सोडून बाकीचा साचा वाचायला घेतला. साच्यात उजव्याचं डावं होतं आणि उंचाचं खोल, त्यामुळे सवय लागते. उगारलेला हात होता. मारुतीचाही असतो. पाय कशावर तरी दाबलेला. मारुतीच्याही पायाखाली राक्षसीण असते, तिला पनवती म्हणतात. डोक्यामागून वळलेली शेपटी बाहेरून दिसत होती. पण आतून बघितलं तर ती शेपटी नव्हतीच. ते दोन हात होते. मागचे दोन, वर धरलेले, एकात चक्र, एकात शंख. शेंदरात बुडून बुडून त्यांची एक कमान झाली होती.

मूर्ती ओळखायची ती तोंडावरून नाही. हातातल्या वस्तूंवरून आणि पायाखालच्या प्राण्यावरून. मी उगारलेल्या हातापासून खाली जाणारी एक सरळ खाच बोटाने चाचपली. खाच पायाखालच्या मानेत घुसली होती. त्या मानेला शिंगं होती.

पनवतीला शिंगं नसतात.

‘सरपंच, दिवा घेऊन आत जा,’ मी म्हटलं. ‘मी विचारीन ते बघून सांगायचं. पायाखाली काय आहे?’

सरपंच उंबरा ओलांडून आत गेले. गाभारा इतका काळोखा की दिव्याचा उजेडही थोडाच पुढे जात होता. ‘जनावर हाय.’

‘शिंगं?’

‘...हायत.’

‘हात किती?’

आतून मोजल्याची पुटपुट ऐकू आली. ‘च्यार.’

‘छातीकडे बघा.’

दिवा वर सरकला. मग खाकरल्याचा आवाज आला. ‘बघितलं.’

मंडपातले पुरुष छपराकडे बघू लागले. बाजेवरच्या गुरवाच्या घशातून कसलासा आवाज आला, हसल्यासारखा किंवा रडल्यासारखा.

‘आता तोंड. डोळे मोठे, लांबट आहेत ना? नाक शाबूत आहे?’ मी खोळीकडे बघत विचारलं. ती माझ्याकडे बघत होती.

‘नाक नाय,’ आतून आलं.

‘मोडलंय?’

‘मोडलं नाय. नायच. डोळे बी नाय.’ दिवा हलला. भिंतीवरची सावली छपरापर्यंत गेली. ‘बाई, हिला तोंडच नाय.’

माझ्या समोर पाटावर तोंड होतं. पापण्यांच्या कडा मोजता येत होत्या. साचा हा कशाचा तरी असतो. ज्याला तोंड नाही त्याचं तोंड साच्यात उमटेल कसं? तेवढ्यात खोळीतून करकर असा बारीक आवाज आला, नखाने पत्रा खरवडावा तसा. कडेचे दोघे तिघे तडक देवळाबाहेर गेले. मीही एक पाऊल मागे सरकले हे कबूल करते. कवडसा सरकून खोळीवर आला होता आणि उन्हाने साल ताणत होती, हे मला नंतर सुचलं.

सरपंच बाहेर आले ते घामाने डबडबून. दिवा त्यांनी माझ्या हातात दिला. ‘तुमीच बगा आता. आत कोन हाय तेच जर ठावं नाय, तर कुनाचा नियम पाळायचा?’

बाळू पुढे सरसावला. ‘बघा! तोंड फोडलं हिनं! नुस्ती खोळ नाय, देवाचं तोंड फोडलं!’

रखमाने पहिल्यांदा वर बघितलं.

मी आत गेले. मूर्तीचं अंग धड होतं, पण गळ्याच्या वर नुसता गुळगुळीत उंचवटा. मी त्यावरून बोट फिरवलं. फुटलेल्या दगडाला धार असते, ताजा रंग असतो. इथे काहीच नव्हतं. पांढरट, ठिसूळ जातीचा दगड, आणि बोटाला पीठ लागलं. मागे, खांद्याच्या बेचक्यात, कुंभारमाशीचं मातीचं घर होतं. एक नाही, एकावर एक तीन. जुनी, वाळलेली. खोळ तिथे दगडाला चिकटलेली असती तर माशी आत शिरली कशी असती?

‘खोळ पडली तेव्हा खाली काही सांडलं होतं का?’ मी बाहेर येऊन रखमाला विचारलं.

‘पीठ व्हतं,’ ती म्हणाली. ‘पांडरं. मला वाटलं कुनी तांदळाचं पीठ वाहिलंय. देवाचं म्हनून लोटलं नाय, गाडग्यात भरून ठेवलंय.’

गाडगं आलं. मी चिमूट घेतली, भिंगाखाली धरली, आणि सवयीने जिभेला लावली. खारट. पुढे बोलायला तोंड उघडलं आणि समोरच्या सगळ्या बायकांनी तोंडावर हात ठेवलेला दिसला. मग माझ्या लक्षात आलं की मी काय चाखलं होतं. ते देवाचं तोंड होतं. ती चव नंतर किती पाणी प्यायलं तरी जाईना.

मी त्यांना समजावून सांगितलं. दगड पाणी पितो. उघडा असेल तर ते वाळून जातं. वरून तेलाची खोळ असेल तर पाणी आत कोंडतं. अभिषेकाचं पाणी डोक्याशी, तोंडाशी मुरतं, दगडातला क्षार वर येतो आणि दगड आतल्या आत भुगा होतो. जुन्या काळी पहिला शेंदूर लावला तेव्हा तोंड होतं. त्याचा ठसा शेंदरात उमटला. मग खोळीच्या आत तोंड झिजून गेलं आणि ठसा तेवढा राहिला. खोळ सुटून कैक वर्षं झाली असतील. नुसती टेकून उभी होती. ती रखमाने पाडली नाही. त्या दिवशी तिथे कोणीही असतं, मारुतीरायाचा ब्रह्मचारी भक्त असता, तरी पडली असती.

‘पडायच्या आदी आठ धा दिस आतनं खाजवल्याचा आवाज यायचा,’ रखमा म्हणाली. ‘मी बाबाला सांगितलं व्हतं. आतनं कुनीतरी बाहेर यायला बघतंय, म्हटलं.’

‘थंडीने साल आकसत होती,’ मी म्हटलं. उत्तर बरोबर होतं, पण माझा आवाज मलाच फारसा भरवशाचा वाटला नाही.

बाळूला हे पटणार नव्हतंच. तो तावातावाने बोलत मंडपाच्या या टोकापासून त्या टोकाला निघाला, आणि मध्येच त्याची नजर पाटावर गेली. तो थांबला. एक पाऊल मागे गेला. चेहरा मागे आला. तो खांबाआड गेला, दुसऱ्या बाजूने डोकावला, आणि मग मुकाट्याने बायकांच्या मागे जाऊन उभा राहिला. शास्त्र मी त्याला लगेच समजावलं नाही. सरकारी नोकराने विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नसतं.

मला वाटलं, झालं काम. फोडलं नाही, पडलं. मी पिशवी आवरायला घेतली. तर सरपंच उदास आवाजात म्हणाले, ‘पोरगी सुटली, बरं झालं. पन बाई, तोंड नाय मंजी देव खंडित. खंडित देवाची पूजा चालत नाय. खोळीबरोबर त्यालाबी डोहात सोडावं लागंल.’

देव गेला की देऊळ गेलं, पूजा गेली, गुरवाचं घर गेलं. रखमाला निर्दोष ठरवता ठरवता मी तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती. मला अतिशय राग आला. कुणाचा ते समजेना. कदाचित दगडाचाच.

गुरव बाजेवरून अर्ध्या तोंडाने काहीतरी बोलू बघत होता. कुणाला कळेना. रखमा उठली, बापाच्या तोंडाशी कान नेला, आणि पदर खोचून मंडपात मधोमध आली. गावासमोर ती उभी राहिली असेल ती बहुधा पहिल्यांदाच.

‘बाबा इचारतो, आत कोन हाय ते बाईंनी नीट सांगावं.’

‘देवी आहे,’ मी म्हटलं. ‘चार हात, त्रिशूळ, पायाखाली रेडा. महिषासुराला मारणारी. मारुती नाही.’

‘मंग खंडित कशी?’ रखमा सरपंचांना म्हणाली. ‘मारुतीचं तोंड गेलं तर मारुती खंडित. देवीला तोंड कशाला लागतंय? माज्या सासरची देवी तांदळाच हाय. नुस्ता गोल धोंडा. तिला नाक नाय, डोळे नाय. सारा गाव नवस बोलतो. तिला कुनी पान्यात टाकलं काय?’

तांदळा म्हणजे देवीचं बिनचेहऱ्याचं रूप. उभा किंवा गोलसर दगड, त्यालाच देवी मानायचं. महाराष्ट्रात अशा कितीतरी देवी आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या घटकेला सुचलं ते तिला.

मंडपात कुजबुज सुरू झाली. सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, ‘मारुती म्हटला तर बुडवायचा. देवी म्हटली तर ठेवायची. असं हाय तर.’ मग थोडं थांबून, ‘अन् देवी म्हटली तर बाईचा इटाळबी नाय.’

कोणी हो म्हटलं नाही. कोणी नाहीही म्हटलं नाही. आमच्याकडे असले ठराव असेच पास होतात.

मी एक विनंती केली. खोळीतल्या चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा काढू द्या. जगात तो चेहरा आता तेवढाच उरला आहे. सरपंचांनी मान हलवली. ‘नाय, बाई. ठसा काढला तर त्या दोन व्हतील. एक इथं ऱ्हानार, एक तुमच्या मुंबईला. मंग आमी पूजा कुनाची करायची?’ मी मामलेदारांचं नाव पुढे केलं, खात्याचं नाव पुढे केलं. उपयोग झाला नाही.

उन्हं कलायच्या आत खोळ पाताळगंगेच्या डोहावर नेली. वाजंत्री नव्हती. चौघांनी ती फडक्यासकट पाण्यावर ठेवली. वाटलं होतं, दगडासारखी जाईल. पण ती होडीसारखी पोकळ होती. ती उताणी तरंगली, हळूहळू पाणी भरलं, आणि मग पाण्याच्या खालून तो चेहरा दोन्ही काठांकडे बघत बघत खाली गेला. काठावरचा प्रत्येक माणूस नंतर शपथेवर सांगत होता की शेवटी ती आपल्याकडेच बघत होती. मीही सांगितलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

जीपकडे जाताना रखमाला गाठलं. ती डोहावर आली नव्हती. गाभारा धूत होती.

‘तू का नाही आलीस?’ मी विचारलं. ‘सगळा गाव होता. ती शेवटपर्यंत सगळ्यांकडे बघत होती.’

‘समदी तेच म्हनतात,’ ती म्हणाली. ‘मला नाय दिसली. मी पाटाशी जाऊन किती येळ बघितलं. नुस्ता खड्डा दिसला, बाई. आतनं लाल.’

मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं. सगळ्यांना दिसतं, डोळ्याचा खेळच तसा आहे, वगैरे. पण मग हिला का नाही दिसलं, याचं उत्तर माझ्या शास्त्रात नव्हतं.

‘तुला वाईट वाटलं का?’

‘कशाला? ती तिकडं बघत असंल तर इकडं बघायची कशी?’ तिने ओल्या हातांनी त्या बिनचेहऱ्याच्या दगडाचं कपाळ पुसलं, जिथे कपाळ असायला हवं होतं तिथे, आणि कुंकू लावलं. ‘खोळ पडली तवा मी हिच्याकडं बघत व्हते. हिनंबी पयलं मलाच बघितलं. हीच माजी.’

मामलेदारांना मी एका शब्दात उत्तर दिलं: पडलं. रखमाच अजून तिथे रोज पूजा करते असं जीपचा ड्रायव्हर काही वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला. बाळू त्या देवळात पाय ठेवत नाही, असंही म्हणाला.

या धंद्यातून मी शिकले ते एवढंच: दगडाला तेल चोपडायचंच असेल तर खालून वाळायला जागा सोडावी. आणि तोंड पाहून देव ओळखू नये. तोंड सगळ्यात आधी जातं.